दोन स्वरांमधली फट

लिलीपाँड हे मुक्त सॉफ्टवेअर मुळात छपाईसाठी, म्हणजे पाश्चात्य स्वरलिपीची पाने जुन्या कोरीव पत्र्यांवरून छापलेल्या पानांइतकी देखणी जुळवण्यासाठी घडवले गेले. पानासाठी लिहिलेल्या त्याच मजकुरातून मिळणारी मिडी फाईल, म्हणजे कोणता स्वर केव्हा आणि किती जोराने दाबायचा व केव्हा सोडायचा याच्या सूचनांची यादी, ही नजरेतून सुटलेल्या चुका कानाने पकडायला फार सोयीची असते. मात्र ती ऐकताना संगीत वाजते आहे असे वाटतेच असे नाही.

अशा वेळी बहुतेकांचा हात आधी जोराकडे, म्हणजे मिडीत ० ते १२७ या अंकांत मोजल्या जाणाऱ्या व्हेलॉसिटीकडे वळतो. वस्तुतः दुखणे बहुधा स्वराच्या शेवटाशी असते. संगीतकार बाखची पत्नी आना माग्दालेना बाख हिच्या १७२५ च्या वहीतला, पूर्वी बाखचा समजला गेलेला पण आता क्रिस्टियान पेत्सोल्डचा मानला जाणारा जी मेजरमधील मिन्युएट, म्हणजे नाचाची रचना, घेतला, तर त्याच्या दुसऱ्याच बारमध्ये ‘जी’ हा स्वर लागोपाठ दोनदा येतो. लिलीपाँडच्या मिडीत एका क्रॉचेटचे, म्हणजे चतुर्थांश स्वराचे, ३८४ टिक, म्हणजे काळाचे सूक्ष्म भाग पडतात आणि पहिला ‘जी’ ते सगळे व्यापतो, त्यामुळे तो सुटण्याचा आणि दुसरा दाबला जाण्याचा क्षण एकच ठरून दोन्ही स्वर एकमेकांना चिकटतात. लिलीपाँडसोबत येणारी आर्टिक्युलेट ही स्क्रिप्ट स्लरबाहेरचा, म्हणजे जोडकमानीत नसलेला साधा स्वर सात-अष्टमांशावर आणते. ३३६ टिक नाद आणि ४८ टिक शांतता, म्हणजे मिनिटाला १२० क्रॉचेटच्या गतीत ६२.५ मिलिसेकंदांची फट. एवढ्याने नाचाचा ठेका उभा राहतो. स्लरमधले स्वर ही स्क्रिप्ट अखंड ठेवते, पण त्यातला शेवटचा आखूड करते, जणू वादकाने तिथे हात उचलला आहे. हीच काटछाट ऑर्गनच्या रचनांना मात्र मानवत नाही, आणि छापील पानासाठी तर ती मुळीच वापरू नये, कारण मग ते पान भलतेच दिसू लागते.

प्रत्येक स्वर यदृच्छेने थोडा मागेपुढे सरकवून ‘माणूसपण’ आणण्याचा उपाय लोकप्रिय असला, तरी त्यातून कच्चा वादक तेवढा ऐकू येतो, कारण जाणता वादक लय ढिली सोडतो ती वाक्यांश कुठे संपतो हे ओळखून. स्टॉकहोमच्या फ्रीबर्ग आणि सुंडबर्ग या संशोधकांनी १९९९ मध्ये अंतिम रितार्दांदोचे, म्हणजे रचनेच्या शेवटी मंदावणाऱ्या लयीचे प्रतिमान धावपटू थांबताना घेतलेल्या मोजमापांवरून मांडले, आणि ते समोर ठेवले की लय एकदम न तोडता टप्प्याटप्प्याने उतरवणे सोपे जाते. मिन्युएटमध्ये एक अडचण तरीही उरते: त्याचे दोन्ही भाग दोनदा वाजतात, आणि पुनरावृत्ती उलगडताना शेवटच्या बारमधली मंदगतीही दोनदा उलगडली जाते, म्हणून त्या बारचे दोन पाठ, पहिल्या खेपेचा सरळ गतीचा आणि दुसऱ्या खेपेचा उतरत्या लयीचा, वेगळे लिहावे लागतात.