हातात येणारा पगार

पुण्याच्या हिंजवडीत नव्याने रुजू होणाऱ्या अभियंत्याला मोठ्या आयटी सेवा कंपन्या आजही वर्षाला साधारण साडेतीन लाख देऊ करतात, आणि २०१० च्या सुमारासही हा आकडा तीन-सव्वातीन लाखांच्याच आसपास होता. महागाईचा हिशेब धरला तर याला वेतनकपातच म्हणावे लागेल. शिवाय ‘पॅकेज’ म्हणजे कंपनीला पडणारा एकूण खर्च; त्यात मालकाच्या वाट्याचा भविष्यनिर्वाह निधी आणि बहुधा ग्रॅच्युइटीही मोजलेली असल्याने, कर्मचाऱ्याचा स्वतःचा वाटा आणि दरमहा २०० रुपये (फेब्रुवारीत मात्र ३००) व्यवसायकर वजा जाता हाती पडणारी रक्कम चांगलीच आटते. तेवढ्यात वाकडला तिघांत घेतलेल्या फ्लॅटचे भाडे, अनामत, डबा आणि शैक्षणिक कर्जाचा हप्ता बसवताना महिनाअखेर ओढाताण होते. गावाकडे मात्र मुलगा ‘आयटीत’ लागला म्हणून स्थळे सांगून येऊ लागलेली असतात.