चार तारांचा तोल

तंबोऱ्याला टाळ्या मिळत नाहीत. मैफल संपली की गवयाचे कौतुक होते, तबलजीच्या बोटांची वाहवा होते, पेटीच्या साथीचाही चारचौघांत उल्लेख होतो. तंबोरा मात्र मुकाट्याने गवसणीत शिरतो आणि कोपऱ्यात उभा राहतो. देवळातल्या भजनात तर त्याचे अस्तित्व समईच्या ज्योतीसारखे. ती तेवत असते तोवर तिच्याकडे कोणी पाहत नाही. विझली म्हणजे सर्वांच्या माना वळतात.

आमच्या देवळातल्या तंबोऱ्याची तबली घोडीखाली खचली, भोपळ्याला तडा गेला, आणि मंडळींनी त्याच्या जागी विजेवर चालणारी पेटी आणली. त्या पेटीची निंदा करण्याचा आमचा हेतू नाही. ती पावसाळ्यात उतरत नाही, तिला लावणारा लागत नाही, आणि तिचा षड्ज पहिल्या अभंगापासून आरतीपर्यंत रेसभर ढळत नाही. अडचण एकाच माणसाची झाली. देवळात सारेच त्यांना 'माम' म्हणतात. चाळीस वर्षे भजनात पुढे बसणारा हा वृद्ध अलीकडे दोन्ही कानांनी अधू झाला होता. तरीही त्यांचा स्वर चुकत नसे, कारण तंबोऱ्याची दांडी ते कानशिलाला टेकवून बसत. कानाने सोडलेला सूर हाड पोचवीत असे. पेटीला दांडी नव्हती. दोन एकादश्या त्यांनी चाचपडत काढल्या, आणि तिसऱ्या एकादशीला ते काही न बोलता मागे, खांबापाशी, जाऊन बसले.

तेव्हा आम्ही तो तंबोरा घरी आणला. दांडी शाबूत होती, खुंट्या घट्ट होत्या. भोपळा व तबली तेवढी नवी करावयाची होती. निपाणी-बेळगावच्या माणसाला याकरिता वाट शोधावी लागत नाही. ती मिरजेलाच जाते. हत्यारांना पाणी देणाऱ्या शिकलगार घराण्यांनी एकोणिसाव्या शतकात पटवर्धन संस्थानिकांच्या आश्रयाने तेथे तंतुवाद्यांचा धंदा उभा केला. त्यांत फरीदसाहेबांचे नाव पहिले. पुढे अब्दुल करीम खाँसाहेबांनी मिरजेतच घर केले. ते १९३७ साली निवर्तले. त्यांची कबर तेथल्याच मीरासाहेबांच्या दर्ग्यात आहे. मिरजेची सतार आणि मिरजेचा तंबोरा यांना २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळाले. आम्हां सीमेवरच्या लोकांना त्यात एक गंमत वाटते. या वाद्यांचा भोपळा मंगळवेढ्याच्या बाजूने येतो आणि लाकूड येते कर्नाटकातून. १९५६ साली राज्यांची फेररचना झाली, २००४ साली महाराष्ट्राने सर्वोच्च न्यायालयात दावा दाखल केला. भोपळा आणि लाकूड मात्र सरसाने एकमेकांना चिकटून राहिले आहेत.

मिरजेहून वाळलेला भोपळा आणि तुणीची फळी आणली, आणि शेजारच्या सुताराच्या मदतीने रविवारमागून रविवार काम चालले. तबली जाड राहिली तर आवाज कोंडतो, फार पातळ केली तर खर्ज घुमतो आणि पुन्हा खचण्याचे भय. म्हणून थोडे तासावे, बोटाने ठोकून ऐकावे, पुन्हा तासावे. हे सारे धीराचे काम. बुद्धीचे काम पुढे आले, ते तारांच्या वेळी.

तंबोऱ्याला तारा चार: एक पंचमाची, दोन जोडीच्या षड्जाच्या आणि एक खर्जाची. चौघींची लांबी एकच. आमच्या तंबोऱ्यात ती एक मीटर भरली. लांबी एक आणि ताण एक ठेवावयाचा असेल, तर स्वर जितका खाली तितकी तार जाड, हा नियम मर्सेन नावाच्या फ्रेंच धर्मोपदेशकाने १६३६ साली ग्रंथात मांडला. हिशेब त्रैराशिकाइतका सोपा आहे. जोडीची तार ०.३० मिलिमीटर धरली, तर पंचमाचा स्वर तिच्या तीनचतुर्थांश, म्हणून ती तार ०.४० ची. खर्ज अर्ध्यावर, म्हणून तार दुप्पट, ०.६० ची, परंतु खर्जाला पोलाद न घालता पितळ घालतात आणि पितळ पोलादाहून जड, म्हणून ०.५८ पुरते. काळी एकच्या षड्जाला लावल्यावर प्रत्येक तार सुमारे सव्वाचार किलोंनी ओढते; चार मिळून सतरा. मँडोलिनचे थोरले भावंड जे मँडोचेलो, त्याच्या कारागिरांपुढेही हेच कोडे असते. ते खालच्या तारेवर दुसरी बारीक तार गुंडाळून तिचे वजन वाढवितात. उपाय निराळा, न्याय तोच.

बाजारातून आणलेल्या संचात खर्जाची तार ०.७० ची होती. ती चढविली तेव्हा ऐकणाऱ्यांनी माना डोलावल्या. नाद भरदार होता. तंबोरा मामांच्या घरी नेला. त्यांनी भोपळ्यावर तळहात ठेवला, दांडी कानशिलाला लावली, चार तारा दोनदा छेडल्या आणि म्हणाले, "खर्ज कळता, पंचम कळना." आम्ही कागद काढून आकडेमोड केली. त्या एका तारेचा ताण बाकीच्या तिघींच्या जवळजवळ दीडपट होता. धड कानांच्या माणसांना जे वैभव वाटले, ते त्या तळहाताला दडपण वाटले होते.

तार बदलली. खर्जाचा डौल थोडा उतरला खरा, परंतु पंचम वर आला. राहिली जवारी. घोडीचा माथा सपाट नसतो. त्याला अगदी किंचित उतार असतो, आणि त्या उतारावर तार व घोडी यांच्यामध्ये सुताचा एकेक धागा सरकवितात. केसभर पुढे नेला तर तार मुकी, केसभर मागे नेला तर ती करकरते; मधल्या एका जागी ती एकदम उघडते आणि तिच्यातून न छेडलेले स्वर निघू लागतात. खर्जातून गांधार ऐकू येतो तो असा. तार जेथे छेडावी तेथे ज्या उपस्वरांचा स्थिर बिंदू असतो ते उपस्वर उमटू नयेत, असा पाश्चात्य शास्त्राचा नियम. तंबोरा तो पाळीत नाही, हे चंद्रशेखर वेंकट रामन यांनी कलकत्त्यात असताना १९२१ साली दाखवून दिले, आणि त्याचे श्रेय घोडीच्या त्या उताराला व धाग्याला दिले. हा धागा मात्र चौघींना एका रेषेत ठेवून चालत नाही. प्रत्येक तारेची जागा स्वतंत्रपणे शोधावी लागते.

वकिली करणाऱ्याला येथे संविधानाचा चौदावा अनुच्छेद आठवल्यावाचून राहत नाही. कायद्यापुढे समानता म्हणजे सर्वांना एकच माप लावणे नव्हे, हे न्यायालयांनी वारंवार सांगितले आहे. चारी तारा एकाच जाडीच्या घातल्या तर खर्ज लोंबेल आणि षड्ज फार ताणला जाईल. जिला मोठा आवाज साधतो तिला मोकळी सोडली तर बाकीच्या असून नसल्यासारख्या. ओढ सारखी हवी, म्हणूनच माप निराळे हवे. घरात कोंकणी, भजनात मराठी आणि कचेरीत कन्नड बोलणाऱ्या आमच्या समाजाला हे मुद्दाम शिकवावे लागू नये. तरीही मधूनमधून एखाद्या भाषेची तार जाड होते आणि तिच्या भरदारपणाला आम्हीच माना डोलावतो. दुसरी कोणती ऐकू येईनाशी झाली, हे ज्याला ती कानशिलाला लावून ऐकावी लागते त्यालाच आधी कळते.

दुरुस्त तंबोरा दुसऱ्यांदा मामांच्या हाती दिला, तेव्हा त्यांनी बराच वेळ तारा छेडल्या. "आतां चारूय कळतात," एवढेच म्हणाले, आणि पुढच्या एकादशीला ते पुढे बसले. पेटीही देवळात आहे. लहान मुलींच्या सरावाला ती उपयोगी पडते. त्यांतली एक मुलगी आता मामांकडून धागा ठेवण्यास शिकते आहे. तिचे कान तीक्ष्ण आहेत. माम तिला डोळे मिटून भोपळ्यावर हात ठेवावयास सांगतात.

तारा गंजतील, तुटतील, नव्या घालाव्या लागतील. त्या वेळी आम्ही असू वा नसू, म्हणून गवसणीच्या खिशात एक चिठ्ठी ठेवली आहे: पंचम, पोलाद, ०.४०; जोड, पोलाद, ०.३०, खर्ज, पितळ, ०.५८. धाग्याची जागा तेवढी लिहिलेली नाही. ती ज्याची त्याने शोधावयाची आहे.