लाल निलगिरीच्या रानात

"आजी, आजोबा, तिथं बसू नका!"

ऑस्ट्रेलियातील मरे नदीच्या काठी एका पसरलेल्या झाडाखाली आम्ही चादर अंथरली होती. चपाती-भाजीचा डबाही उघडला होता. भाच्याच्या नऊ वर्षांच्या मुलीने हाताला धरून आम्हांला उठवले. हे झाड वारा नसतानाही, उन्हाळ्याच्या शांत दुपारी, अचानक मोठी फांदी टाकून देते, असे तिला शाळेत शिकवले आहे. तिकडे अशा झाडाला 'विधवा करणारे' असेच म्हणतात. आम्ही मुकाट्याने चादर उन्हात नेली.

मेलबर्न शहरापासून उत्तरेला सुमारे सव्वादोनशे किलोमीटरवर बार्माचे हे रान आहे. नदीपलीकडचे मिलेवा रान धरले तर क्षेत्र साठ हजार हेक्टरांच्या वर जाते. या जातीच्या झाडांचे एवढे मोठे रान जगात दुसरीकडे नाही.

मुलांनो, हे झाड आपल्या ओळखीच्या निलगिरीचेच भावंड. निलगिरीच्या सातशेहून अधिक जाती आहेत आणि जवळजवळ सगळ्या ऑस्ट्रेलियाच्या. आपण त्यांना दक्षिणेतल्या डोंगराचे नाव दिले, कारण तिथे इंग्रजांनी ती लावली. बार्माच्या झाडाचे लाकूड तांबडेलाल असते, म्हणून त्याला 'रिव्हर रेड गम' म्हणतात. आपण लाल निलगिरी म्हणू.

बुंधा इतका जाड की आम्ही चौघांनी हात धरून कवेत घ्यायचा प्रयत्न केला, तरी हात पुरले नाहीत. वरची साल पट्ट्यापट्ट्यांनी गळून पडते आणि आतून पांढरी, राखी, गुळगुळीत अंगकांती दिसते. पाने खाली लोंबतात, त्यामुळे दुपारचे ऊन त्यांच्या कडेवर पडते आणि पाणी कमी उडते. कळीला छोटी टोपी असते. फूल उमलताना ती टोपी गळून पडते व आतले पांढरे केसर मोकळे होतात. मुलीने अशा टोप्या ओंजळभर गोळा केल्या. 'युकॅलिप्टस' या ग्रीक शब्दाचा अर्थच 'नीट झाकलेले'. पुढचे नाव 'कॅमाल्डुलेन्सिस' हे इटलीतील नेपल्सजवळच्या कॅमाल्डोली येथील बागेवरून पडले. तिथे लावलेल्या झाडावरून १८३२ साली त्याचे शास्त्रीय वर्णन झाले. झाड ऑस्ट्रेलियाचे, नाव इटलीतल्या बागेचे! ज्यांच्या नदीकाठी ते पिढ्यान्‌पिढ्या उभे होते, त्यांना कोणी विचारले नाही.

ते लोक म्हणजे योर्टा योर्टा. मरे नदीला ते धुंगाला म्हणतात. रानात काही जुन्या झाडांच्या बुंध्यावर माणसापेक्षा उंच, लांबट व्रण दिसतात. तेवढी साल एकसंध सोलून काढून हे लोक तिची होडी करीत. साल एकाच बाजूची घेत, त्यामुळे झाड मरत नसे. कडेने नवी साल चढत येई आणि व्रण राहून जाई.

नदीच्या पलीकडच्या तीरावर कमरागुंजा ही वस्ती आहे. मूळनिवासींना तिथे सरकारी व्यवस्थापकाच्या हुकमतीखाली ठेवले जाई. अन्न अपुरे, राहणी हलाखीची आणि अपमान रोजचा. दि. ४ फेब्रुवारी १९३९ रोजी तेथील दोनशेच्या आसपास बाया, माणसे, मुले सामान घेऊन निघाली, नदी ओलांडून बार्माच्या बाजूला आली आणि काठावर मुक्काम ठोकून राहिली. पुष्कळ जण परत गेलेच नाहीत.

पुढे १९९४ मध्ये या लोकांनी आपल्या भूमीच्या हक्कासाठी दावा लावला. १९९८ मध्ये न्यायालयाने तो फेटाळला. इतिहासाच्या लाटेत तुमचे जुने नाते वाहून गेले, असा त्याचा आशय. म्हाताऱ्यांनी तोंडी सांगितलेल्या गोष्टींपेक्षा, तिथे मेंढ्या चारायला आलेल्या एका गोऱ्या माणसाच्या पुस्तकाला न्यायमूर्तींनी अधिक वजन दिले. २००२ मध्ये वरच्या न्यायालयानेही तेच कायम केले. ज्यांचा इतिहास कागदावर नसतो, त्यांची साक्ष किती सहज बाजूला सारता येते! २०१० साली बार्मा राष्ट्रीय उद्यान झाले आणि त्याच वर्षी त्याच्या कारभारात योर्टा योर्टा लोकांना वाटा देणारा करार झाला. मालकी नव्हे, वाटा.

झाडाची स्वतःची तक्रार वेगळी आहे. त्याला पूर हवा असतो. पूर्वी डोंगरातला बर्फ वितळला की नदी फुगे, पाणी रानभर पसरे आणि ओसरल्यावर ओल्या गाळात बारीक बी रुजे. वरच्या अंगाला ह्यूम धरण १९३६ मध्ये पूर्ण झाले. शेतीसाठी पाणी अडवून उन्हाळ्यात सोडू लागले, तसे पूर कमी झाले. १९९७ ते २००९ च्या मोठ्या दुष्काळात तर शेकडो वर्षांची झाडे वाळली. आता सरकार कधी कधी मुद्दाम रानासाठी पाणी सोडते. जुन्या झाडाच्या ढोलीत पोपट, घुबड, वटवाघूळ राहतात. अशी ढोली पडायला शंभराहून अधिक वर्षे लागतात, म्हणून तोडलेल्या झाडाजागी रोप लावून पोपटाचे घर परत मिळत नाही.

इकडे आपल्या गावी बांधावरच्या निलगिरीने विहिरीचे पाणी ओढले म्हणून शेतकरी तिला शिव्या देतात. आम्हीही दिल्या आहेत. बार्मात गुडघाभर पाण्याच्या खुणा बुंध्यांवर पाहिल्या, तेव्हा कळले की पुराच्या पाण्यावर वाढणाऱ्या झाडाचे भाईबंद आपण कोरड्या बांधावर नेऊन लावले.

निघताना मुलगी व्रण असलेल्या झाडापाशी गेली. टाचा उंचावून तिने हात वर केला. व्रणाचे वरचे टोक तिच्या बोटांपासून अजून हातभर वर होते.