फ्लेक्सवरचं पॅकेज

बारावीचा निकाल लागला की शिक्रापूरपासून शिरूरपर्यंत नगर रस्त्याला फ्लेक्सचं पीक येतं. दौंडला स्टेशनबाहेर पडलं तरी तेच. कोट घातलेली पोरं, खाली 'हायेस्ट पॅकेज' आणि लाखांचा आकडा. तो आकडा एका पोराचा असतो. त्याच्या वर्गातल्या बाकीच्यांचं काय झालं, ते फ्लेक्सवर कधीच येत नाही.

वीसेक वर्षं या दोन तालुक्यांत बातमीदारी करतोय. जूनमध्ये दिवसाआड कुणीतरी बाप माहितीपुस्तिकांची पिशवी घेऊन येतो आणि विचारतो, "दादा, हे कॉलेज कसंय?" माझं उत्तर ठरलेलं आहे. मला विचारू नका, पाहुण्यांना विचारू नका, आणि पेपरातल्या पुरवणीला तर अजिबात विचारू नका. आमच्या धंद्यातली गोष्ट सांगतो, राग येईल काहींना. जून-जुलैची शैक्षणिक पुरवणी जाहिरातीवर चालते. ज्याची पानभर जाहिरात, त्याच्याच प्राचार्यांचा 'विशेष लेख' शेजारी असतो. कॉलेजला सरकारी यंत्रणेकडे स्वतःच्या सहीने जे लिहून द्यावं लागतं, ते बघा. ते मोबाईलवर फुकट दिसतं.

पहिलं एनआयआरएफ. केंद्र सरकारची ही क्रमवारी २०१६ पासून निघते. क्रमांक सोडा, आपल्याकडची बरीच कॉलेजं वरच्या यादीत नसतातच. पण भाग घेणाऱ्या प्रत्येक कॉलेजने भरलेली माहिती पीडीएफमध्ये मिळते. बहुतेकदा कॉलेजच्या स्वतःच्या वेबसाईटवरही असते, खाली कोपऱ्यात, बारीक अक्षरात. त्यात लिहिलेलं असतं की पहिल्या वर्षाला किती पोरं आली, ठरलेल्या मुदतीत किती पास झाली, नोकरी किती जणांना लागली आणि 'मेडियन सॅलरी' किती. मेडियन म्हणजे नोकरी लागलेल्या सगळ्या पोरांना पगाराप्रमाणे रांगेत उभं केलं, तर बरोबर मधल्या पोराचा पगार. आपलं पोरगं बहुधा त्या मधल्याच्या आसपास असणार. म्हणून फ्लेक्सवरचा आकडा आणि हा आकडा एका कागदावर शेजारी शेजारी लिहा. बाकी काही सांगायची गरज पडत नाही. कॉलेज भागच घेत नसेल, तर का घेत नाही ते तिथे जाऊन विचारा. विचारायला लाजायचं काय, फी आपण भरतोय.

दुसरं शुल्क नियामक प्राधिकरण, म्हणजे एफआरए. विनाअनुदानित व्यावसायिक कॉलेजची फी किती, हे २०१५ च्या कायद्याप्रमाणे हे प्राधिकरण ठरवतं आणि कॉलेजवार, अभ्यासक्रमवार वेबसाईटवर टाकतं. ऑफिसात सांगितलेली फी त्याच्याशी ताडून बघा. 'डेव्हलपमेंट'च्या नावाखाली वर रोख मागितले, तर पावती मागा. कॅपिटेशन फी घ्यायला या राज्यात १९८७ पासून कायद्याने बंदी आहे. पावती मागितली की मागणाऱ्याचा आवाज कसा खाली येतो ते बघाच.

आता ज्यासाठी एवढं लिहायला बसलो, ते. शिरूरच्या पूर्व भागातलं एक कुटुंब. कांदा आणि थोडा ऊस. मुलगी हुशार, सीईटीला बरे पर्सेंटाईल. ओबीसी, उत्पन्न आठ लाखांच्या कितीतरी आत. निकालाच्या आठवड्यातच एका 'सल्लागारा'चा फोन आला की सीट संपत आल्यात, आता बुक केली नाही तर मुलगी घरी बसेल. बापाने पंचवीस हजार भरले, मुलीचे मूळ दाखले दिले आणि संस्था पातळीवरच्या कोट्यातून प्रवेश झाला. हे माझ्याकडे आले ते नंतर, शिष्यवृत्तीचा अर्ज कुठे भरायचा हे विचारायला.

जुलै २०२४ च्या शासन निर्णयाने ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी घरांतल्या, आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क शंभर टक्के माफ आहे. अट एक. प्रवेश कॅपमधून, म्हणजे सरकारच्या केंद्रीभूत प्रक्रियेतूनच हवा. ही पोरगी त्या एका अटीत अडकली. वर्षाला लाखाच्या वर फी, चार वर्षं. सोसायटीचं कर्ज आधीच डोक्यावर, त्यात हे.

मग आम्ही दोघांनी त्याच कॉलेजची, त्याच शाखेची आदल्या वर्षीची कॅपची कटऑफ यादी उघडली. शेवटच्या फेरीत सीट बंद झाली होती ती हिच्यापेक्षा बऱ्याच खाली. सीईटी सेलच्या वेबसाईटवर ही यादी फेरीनुसार, प्रवर्गानुसार असते. मुलगी स्क्रीनकडे बघत म्हणाली, "काका, म्हणजे मला हेच कॉलेज मिळालं असतं?" बहुतेक मिळालं असतं. बाप काही बोलला नाही. फोन करणाऱ्याने ही यादी नक्की बघितलेली असणार, त्याचा धंदाच तो आहे.

अजून एक फरक लोकांच्या लक्षात येत नाही. पुण्याच्या आसपास एकाच संस्थेचं, एकाच आवारात 'कॉलेज' पण असतं आणि 'युनिव्हर्सिटी' पण. नाव सारखं, गेट एकच. पण मुलींची ही माफी खासगी अभिमत विद्यापीठांना आणि स्वयंअर्थसहाय्यित विद्यापीठांना लागू नाही. त्यामुळे पैसे भरण्याआधी पावतीवर नेमकं नाव कुणाचं येणार आहे, ते वाचा. कॅपमधल्या प्रत्येक कॉलेजला कोड नंबर असतो. तो विचारा. सांगायला टाळाटाळ झाली तर उठून या. आणि मूळ दाखले कुठेच ठेवू नका. संस्थेला ते ठेवून घेता येत नाहीत, यूजीसीने २०१८ मध्ये स्पष्ट सांगितलंय.

अकरावीचंही थोडं. २०२५ पासून अकरावी ऑनलाईन सगळ्या राज्यात झाली, म्हणजे शिरूर-दौंडची पोरंही त्यात आली. दहा पसंतीक्रम भरायचे असतात आणि बऱ्याच घरांत ते कॅफेवाला भरतो. पहिलाच पसंतीक्रम लागला तर तो घ्यावा लागतो, नाहीतर पुढच्या नियमित फेऱ्यांतून बाहेर. तेव्हा पहिलं नाव पोराने स्वतः लिहायचं, कॅफेवाल्याने नाही. 'इंटिग्रेटेड'वाला सांगेल की कॉलेजला यायची गरज नाही, क्लासलाच बसा. मग प्रॅक्टिकल कुठे होणार, तेही त्यालाच विचारा.

प्रत्येकाने इंजिनीअरिंगलाच जावं असंही नाही. शिरूरला बोरा कॉलेज आहे, दौंडला कटारिया कॉलेज आहे. तीही याच नजरेने बघा, नॅकचा अहवाल काढून वाचा. रोजचा लोकलचा नाहीतर एसटीचा प्रवास आणि पुण्यातली कॉट बेसिसची खोली, हा खर्च माहितीपुस्तिकेत नसतो. तो तुम्ही मांडायचा.

ज्यांची पोरं आत्ता अकरावीत आहेत, त्यांनी जात वैधतेचा अर्ज आत्ताच करा, प्रवेशाच्या आठवड्यात समितीच्या दारात रांग असते. उत्पन्नाचा दाखला आणि नॉन क्रीमीलेअर तहसीलमधून मुदत बघून घ्या. कॉलेजची यादी तयार झाली की घेऊन या, संध्याकाळी सहानंतर मी ऑफिसलाच असतो. कटऑफ आणि फी सोबत बसून बघू. पैसे भरून झाल्यावर नका येऊ, आधी या.