खिलाराची शिंगं

मेलवर मुखपृष्ठ आलं आणि माझी नजर थेट बैलाच्या कानांवर गेली. लांब, लोंबते कान, फुगीर कपाळ. सरळसरळ गीर! आणि माझं पुस्तक सांगोल्याच्या जनावरांच्या बाजाराचं, म्हणजे पानोपानी खिलार. खिलार कसं, पांढरं, शेलाटं. शिंगं आधी मागे झुकतात आणि मग भाल्यासारखी वर जातात.

प्रकाशकांना फोन लावला. “अहो, पुण्यातल्या वाचकाला बैलाची जात कुठं कळते?” ते म्हणाले. पुण्यात नसेल कळत. माणदेशातला माणूस मात्र आधी शिंगंच बघणार, आणि मग आतला मजकूर वाचायची तसदी घेणार नाही.

करारात कलम होतंच: मुखपृष्ठाबाबत लेखकाशी चर्चा, अंतिम निर्णय प्रकाशकाचा. त्यात गैर काही नाही. पैसे त्यांचे गुंततात, न खपलेले गठ्ठे त्यांच्याच गोदामात राहतात. तेव्हा घासाघीस सुरू झाली. शीर्षकाला मला बारीक, हाताने काढलेली अक्षरं हवी होती. त्यांना ठसठशीत, कारण मोबाइलवर मुखपृष्ठ नखाएवढं दिसतं. अक्षरं मी सोडली, बैल मागून घेतला. विकतचा फोटो गेला, चित्रकार आला.

दीनानाथ दलाल, बाळ ठाकूर, सुभाष अवचट या मुखपृष्ठकारांची नावं मराठी वाचकाच्या तोंडी आहेत ती उगाच नाहीत. या तरुण चित्रकाराने हस्तलिखित वाचलं होतं. त्याचा पहिलाच प्रश्न: रुमालाखाली सौदा करताना बोटं नेमकी कशी धरतात? मी निर्धास्त झालो.

त्याने शिंगं थेट पुस्तकाच्या कण्यावरून मलपृष्ठापर्यंत नेली. मी खूश, प्रकाशक आडवे आले. दुकानात पुस्तक कपाटात उभं असतं, गिऱ्हाइकाला दिसतो तो कणा. नावावर शिंग आलं तर वाचणार काय? शिवाय शेवटच्या प्रुफात पानं वाढली की कण्याची जाडी वाढते आणि चित्र भलतीकडेच दुमडतं. बिनतोड मुद्दा. बैल जरा लहान झाला, शिंगं पुढच्याच बाजूला मावली.

पुढच्या पुस्तकाच्या करारात मी एक ओळ घालून घेतली: चित्रातल्या तपशिलाला लेखकाची लेखी संमती हवी. प्रकाशकांनी ती मुकाट्याने मान्य केली. अक्षरांच्या आकाराबद्दल मात्र एक शब्द घालू दिला नाही.