पाचांचे तीन, तिघांचे दोन

जाणाऱ्याला पाण्याच्या काठापर्यंत पोचवावं आणि तिथून मागे फिरावं, असा आपल्याकडचा जुना संकेत. ‘शाकुंतला’च्या चौथ्या अंकात शकुंतलेसोबत चालत निघालेल्या कण्वांना तळ्याच्या काठी त्याची आठवण करून दिली जाते : आता इथं काय सांगायचं ते सांगा आणि परता. मला हा संकेत मोठा शहाणपणाचा वाटतो. निरोपाला कुठं तरी हद्द हवी. नाहीतर पोचवणारा चालतच राहतो, जाणारा पुन्हा पुन्हा वळून बघतो, आणि दोघांचंही काही धड होत नाही.

मुंबईकरांना ही हद्द फार काळ बंदरानं आखून दिली. १ सप्टेंबर १९३८ रोजी ‘राजपुताना’ नावाची बोट याच बंदरातून निघाली, तेव्हा तिच्यावर पाच डॉक्टर होते. अलाहाबादचे मदनमोहन अटल, नागपूरचे चोळकर, कलकत्त्याचे विजयकुमार बसू आणि देबेश मुखर्जी, आणि सोलापूरचे द्वारकानाथ शांताराम कोटणीस. चीनवर जपाननं चढाई केलेली होती. चिनी कम्युनिस्टांच्या आठव्या मार्ग सेनेचे सेनापती चू ते यांनी नेहरूंकडे वैद्यकीय मदत मागितली, सुभाषचंद्र बोस तेव्हा काँग्रेसचे अध्यक्ष होते, देशभर निधी जमला आणि हे पथक उभं राहिलं. मुदत वर्षाची. भाद्रपदाचे दिवस होते, मुंबईत घरोघरी गणपती बसलेले. पुढच्या वर्षी लवकर या, असं दर वर्षी देवालाच बजावणाऱ्या गावातून पाच माणसं वर्षभरासाठी निघाली होती. धक्क्यावर कुणालाही ती मुदत जड वाटली नसावी.

धक्क्यावरचा निरोप मला खरं तर फारसा अवघड वाटत नाही. हारतुरे असतात, घोषणा असतात, फोटो असतात, आणि गर्दी सगळ्यांच्या वाटचं थोडं थोडं रडून घेते. जाणाऱ्याच्या मनात पुढचं इतकं काही भरलेलं असतं की मागचं सुटतंय हे त्याला बोट निघून दोन दिवस झाल्यावर कळतं. कोटणीस अठ्ठाविशीच्या उंबऱ्यावर होते. शेठ जी. एस. मेडिकल कॉलेजातून बाहेर पडून फार दिवस झालेले नव्हते. या वयात धक्का सोडताना माणूस पुढेच बघतो.

मला कुतूहल आहे ते पुढच्या निरोपांचं. ते कुणी टिपले नाहीत, तिथं हार नव्हते, आणि त्यांतला प्रत्येक निरोप आधीच्यापेक्षा लहान होता, कारण पोचवायला माणसंच कमी कमी होत गेली.

पथक १७ सप्टेंबरला कँटनला उतरलं. सन यत्-सेन यांच्या पत्नी सुंग छिंग-लिंग स्वागताला होत्या. तिथून हँकौ, मग यांगत्सीनं वर चुंगकिंग. आणि ते पुढे सरकत होते तसतशी मागची वाट मिटत होती. २१ ऑक्टोबरला कँटन जपान्यांच्या हाती पडलं, आठवड्याच्या आत हँकौसह वुहान पडलं. ज्या बंदरात यांनी पाय ठेवला ते बंदर सव्वा महिन्याच्या आत शत्रूचं झालं. घरून निघताना जो नकाशा पाहिला होता त्यातली परतीची रेघ अशी मागून खोडली जात असताना माणसाला काय वाटत असेल? मला वाटतं, काहीच वाटत नसेल. जखमी समोर असले की नकाशे आठवत नाहीत.

चुंगकिंगला मात्र नकाशा आठवायला लावणारी बातमी आली. कोटणीसांचे वडील गेले. सहकाऱ्यांनी परत जायला सुचवलं. ते गेले नाहीत, मुदत पुरी करायची म्हणाले. याला त्याग वगैरे म्हणण्याची आपल्याला घाई असते. पण परगावी मृत्यूची बातमी पोचते तेव्हा तेरावाही होऊन गेलेला असतो, आणि युद्धातल्या टपालानं तर किती तरी अधिक. ज्याचं अंत्यदर्शन होणार नाही त्याच्यासाठी निघायचं म्हणजे रिकाम्या खुर्चीसाठी निघायचं. त्यांनी काय हिशेब केला मला ठाऊक नाही. एवढं दिसतं की वडिलांचा निरोप त्यांचा निघतानाच घेऊन झाला होता, आणि तो शेवटचा आहे हे दोघांनाही माहीत नव्हतं.

फेब्रुवारी १९३९ मध्ये पाचही जण कम्युनिस्टांच्या मुख्य ठाण्यावर, येनानला, पोचले. पिवळ्या मातीच्या डोंगरांत खोदलेल्या गुहा, त्याच गुहांत दवाखाने, शाळा आणि घरं. त्या मुलखातलं रोजचं धान्य म्हणजे राळे. सोलापूरकडच्या माणसाला हे धान्य अनोळखी नाही. भोगीला राळ्याचा भात करणारी घरं आजही आहेत. फरक इतकाच की आपल्याकडे तो वर्षातून एकदा हौसेनं होतो आणि तिकडं तो रोज सकाळ-संध्याकाळ होता. कोटणीसांनी पहिला घास घेतला तेव्हा संक्रांतीच्या आदल्या दिवसाची आठवण झाली असेल का, हा प्रश्न कुठल्याच चरित्रात सापडत नाही. चरित्रकार अशा गोष्टी विचारत नाहीत. आपण विचाराव्यात.

अशा मोहिमेतली मैत्री वेगळीच असते. शाळा-कॉलेजातली मैत्री आवडीनं होते, शेजाऱ्यांशी सवयीनं. ही सक्तीनं होते. गावी असते तर हे पाच जण एकमेकांच्या घरी जेवायलाही गेले नसते : अटल स्पेनच्या यादवी युद्धात काम करून आलेले, चोळकर नागपूरच्या सार्वजनिक कामात मुरलेले, दोघे बंगाली आणि एक नुकताच डॉक्टर झालेला सोलापूरकर. पण थंडीत एकाच शेगडीपाशी बसलं, एकाच दिव्याखाली जखमींचे पाय कापले, एकमेकांचं घोरणं ऐकलं आणि एकमेकांचा ताप मोजला की नात्याला वेगळं नाव लागत नाही. भांडणंही होतात. तीही घरच्यासारखीच, म्हणजे क्षुल्लक कारणांवरून. आणि मग एक दिवस त्यातला एक सामान बांधायला घेतो.

१९३९ मध्येच चोळकर आणि मुखर्जी परतले. पाचांचे तीन झाले. इतिहासाच्या पुस्तकात हे एका ओळीत उरकतं, आणि इतिहासाच्या दृष्टीनं ते बरोबरच आहे. मी मात्र त्या ओळीपाशी बराच वेळ थांबतो. कारण चोळकर गेले तेव्हा त्या पथकातलं मराठी गेलं.

पाचांत मराठी दोघंच. एक वऱ्हाड-नागपूरच्या वळणाचं बोलणारे, दुसरे सोलापूरचे, जिथल्या मराठीला कानडी-तेलुगूचा शेजार. घरी असते तर एकमेकांच्या बोलण्याला हसले असते. येनानच्या गुहेत त्याच दोन मराठ्या म्हणजे अख्खा महाराष्ट्र होता. बाकीच्यांशी इंग्रजी-हिंदीत चालायचं, रुग्णांशी शिकत शिकत चिनीत. पण थकल्यावर, ठेच लागल्यावर, वैतागल्यावर माणूस ज्या भाषेत बोलतो ती ऐकायला आता कुणी उरलं नाही. त्या सकाळी काय बोलणं झालं असेल ते मी फक्त कल्पनेनं रचू शकतो. ‘घरी सांगा, बरा आहे म्हणून.’ ‘सांगतो. तुम्ही जपा.’ एवढंच. मराठी माणूस निरोपाच्या वेळी फार बोलत नाही. सामानाचं बोलतो, वेळेचं बोलतो, ‘पाणी घेतलंत का’ असं विचारतो. त्यानंतर कोटणीस साडेतीन वर्षांच्या आसपास जगले. त्या काळात ते मोठ्यानं मराठी कितीदा बोलले असतील? पत्रात लिहिलं असेल, मनात आकडे मोजले असतील. समोरच्याशी नाही.

नोव्हेंबर १९३९ मध्ये उरलेले तिघे येनानहून आघाडीकडे निघाले. कॅनडाचे सर्जन नॉर्मन बेथ्यून त्याच आघाडीवर काम करत होते. त्याच महिन्यात, १२ तारखेला, शस्त्रक्रियेत बोट कापून झालेल्या जंतुसंसर्गानं ते वारले. कोटणीसांची आणि त्यांची भेट व्हायचीच राहिली. ज्याच्या जागी पुढे काम करायचं होतं त्याला त्यांनी पाहिलंच नाही. त्याच्या नावाच्या दवाखान्यात मात्र उरलेलं आयुष्य काढलं.

१९४० च्या सुरुवातीला प्रकृतीमुळे अटल परतले. तिघांचे दोन. बसू आणि कोटणीस पुढे सरकत राहिले, ताइहांगच्या डोंगरांतून, जपानी ठाण्यांच्या मधून, शान्शी-छाहार-हपै सीमाभागात पोचले. मग बसूंना येनानला परत जावं लागलं. म्हणजे शेवटचा निरोप भारतात परतणाऱ्या मित्राचा नव्हता. चीनमधल्याच एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी जाणाऱ्या मित्राचा होता. असा निरोप फसवा असतो. दोघेही एकाच देशात, एकाच कामात, पुन्हा भेट होईलच असं गृहीत. त्यामुळे कुणी काही नीट बोलत नाही. आणि त्या डोंगरांत तळ्याचा काठ तरी कुठून आणायचा, जिथं थांबून ‘आता परत फिर’ म्हणावं?

आजही आपल्याकडचे तरुण डॉक्टर, परिचारिका आंतरराष्ट्रीय वैद्यकीय संस्थांबरोबर युद्धाच्या, भूकंपाच्या, छावण्यांच्या देशांत जातात. त्यांतल्या काहींशी बोलताना एक गोष्ट वारंवार ऐकली. परत येताना आपल्या पथकातल्या माणसांना सोडणं जड जात नाही; त्यांचे फोन नंबर असतात, शेवटच्या रात्री व्हॉट्सॲपवर गट निघतो, तो दोन-तीन महिने चालतो आणि मग वाढदिवसांपुरता उरतो. जड जातं ते तिथल्या माणसांना सोडणं. रोज गाडी चालवणारा, भाषांतर करणारी मुलगी, ऑपरेशनच्या वेळी दिवा धरणारा पोरगा. कारण जाणाऱ्याकडे पासपोर्ट असतो आणि राहणाऱ्याकडे नसतो. जाणारा मुदत संपली म्हणून जातो. त्याच्या मुदतीनं त्यांचं युद्ध संपत नाही. विमानतळावर ती माणसं हसून हात हलवतात, आणि त्या हसण्याचं करायचं काय हे परत आलेल्याला बरेच दिवस कळत नाही.

कोटणीसांकडेही पासपोर्ट होता. त्यांची मुदत तर १९३९ मध्येच संपली होती. त्यांनी निरोपाची बाजू बदलली. एकेका मित्राला पोचवून परत फिरताना ते हळूहळू त्या जागेचे झाले. पाहुण्याचे यजमान झाले. जानेवारी १९४१ मध्ये बेथ्यून यांच्या नावाच्या आंतरराष्ट्रीय शांतता रुग्णालयाचे ते संचालक झाले. चिनी इतकी शिकले की विद्यार्थ्यांसाठी शस्त्रक्रियेचं पाठ्यपुस्तक चिनीत लिहायला घेतलं. नोव्हेंबर १९४१ मध्ये त्यांनी तिथल्याच गुओ छिंगलान यांच्याशी लग्न केलं, पुढच्या ऑगस्टमध्ये मुलगा झाला, यिनहुआ. फेफऱ्याचे झटके येऊ लागले तेव्हा उपचारासाठी सुरक्षित जागी जा, असं सहकाऱ्यांनी सांगून पाहिलं. ते हलले नाहीत. ९ डिसेंबर १९४२ रोजी, हपै प्रांतातल्या एका खेड्यात, बत्तिसाव्या वर्षी ते गेले. मुलगा साडेतीन महिन्यांचा. बसू तेव्हा येनानमध्येच होते.

सैन्यानं मदतीचा हात गमावला आणि देशानं मित्र, अशा अर्थाचे शब्द माओंनी त्यांच्याविषयी लिहिले. त्यातल्या मित्र या शब्दाला मी महत्त्व देतो, कारण पुढाऱ्यांच्या शोकसंदेशांत तो सहसा सभ्यतेपुरता असतो. इथं त्याच्या मागे खेड्यातली माणसं होती.

बसू १९४३ मध्ये भारतात परतले. पुढे इथं ॲक्युपंक्चर रुजवण्यात त्यांचा मोठा वाटा आहे. ज्या ‘राजपुताना’वरून हे सगळे गेले ती बोट तोवर राहिलीच नव्हती. युद्धात ती नौदलानं घेतली आणि एप्रिल १९४१ मध्ये आइसलंडजवळ जर्मन पाणबुडीनं बुडवली. ख्वाजा अहमद अब्बास यांनी या पथकावर पुस्तक लिहिलं. त्याच्या इंग्रजी नावाचा अर्थ असा की एक जण परत आला नाही. त्यावरून १९४६ मध्ये व्ही. शांताराम यांनी सिनेमा काढला आणि कोटणीस घरोघरी पोचले. मला त्या नावाशी थोडं भांडायचं आहे. ते मुंबईच्या धक्क्यावरून मोजलेलं नाव आहे : पाच गेले, चार आले, एक राहिला बाकी. तिकडच्या खेड्यातून मोजलं तर हिशेब उलटा येतो. पाच आले, चार गेले, एक राहिला. वजाबाकी तीच आहे, पण तिकडं जो उरला तो तोटा नव्हता.

सोलापुरात भैय्या चौकात त्यांचं स्मारक आहे. चीनचे नेते भारतात आले की कोटणीस कुटुंबाला भेटत, २००६ मध्ये हू जिनताओही भेटले होते. हे चांगलंच, पण अशा भेटींत पुन्हा हारतुरे असतात, त्यामुळे मी त्यावर फार रेंगाळत नाही. मला गुओ छिंगलान यांच्या येण्याचं अधिक वाटतं. यिनहुआ १९६७ मध्ये, वैद्यकीचं शिक्षण घेत असतानाच, गेला. त्यानंतरही त्या भारतात येत राहिल्या, सासरच्या माणसांना भेटत राहिल्या. नवऱ्याची भाषा या घरात बोलली जात होती; नवरा त्यांच्याशी ती क्वचितच बोलला असेल. नणंदा-दीरांनी त्यांना काय खाऊ घातलं, गप्पा कुठल्या भाषेत झाल्या, मला माहीत नाही. पण मुक्काम संपला की सूनबाईंना पोचवायला घरातली माणसं जात असणारच, आणि या वेळी नीट, वेळ घेऊन, काय सांगायचं ते सांगून. २०१२ मध्ये दालियानला त्या वारल्या. तोपर्यंत दर वेळी त्या परत चीनलाच गेल्या. त्यांचं घर तिकडं होतं, आणि त्यांच्या सासरचा एक माणूसही तिकडंच होता.