भादली : रुळांवर संपलेले एक तरुण आयुष्य

जळगावहून भुसावळच्या गाडीत बसले की थोड्याच वेळात भादली नावाचे लहानसे स्टेशन लागते. लांब पल्ल्याच्या जलद गाड्या त्याची दखल घेत नाहीत. दोन्ही अंगांना काळी कसदार जमीन, केळीच्या बागा, कपाशीची शेते आणि मे महिन्यात अंग भाजून काढणारे खानदेशी ऊन. ज्या कवीच्या कवितेत हिरवळ, झरे आणि श्रावणातल्या सरी भेटतात, तो कवी अशाच एका मे महिन्यात येथे गेला. ५ मे १९१८ रोजी भादलीला रेल्वे अपघातात बालकवींचा अंत झाला. वय होते अवघे सत्तावीस.

वाचकहो, बालकवी म्हणजे त्र्यंबक बापूजी ठोमरे. १३ ऑगस्ट १८९० रोजी त्यांचा जन्म धरणगावला झाला. हे गावही याच जिल्ह्यातले. इंग्रजांनी १८२५ च्या सुमारास भिल्ल पलटण उभी केली, तिचे ठाणे धरणगावलाच होते. ठोमऱ्यांचे वडील पोलीस खात्यात होते. बदलीची नोकरी, त्यामुळे मुलाचे बालपण खानदेशातल्या निरनिराळ्या गावी गेले. शाळेपेक्षा नदीनाले, राने आणि डोंगरच त्याने अधिक वाचले, असे त्याची कविता सांगते.

१९०७ साली जळगावला कविसंमेलन भरले. डॉ. कीर्तिकर अध्यक्ष होते. सोळा-सतरा वर्षांच्या या पोराची कविता ऐकून मोठमोठी माणसे थक्क झाली आणि तेथेच त्याला ‘बालकवी’ हे नाव मिळाले. पुढे रेव्हरंड टिळक आणि लक्ष्मीबाई टिळक यांनी त्याला पोटच्या मुलासारखी माया दिली. लक्ष्मीबाईंच्या ‘स्मृतिचित्रे’त हा हट्टी, रुसणारा, लाडका ठोमरे आपल्याला भेटतो. परका मुलगा घरात आला आणि घरचा झाला, ही गोष्ट आमच्या माताभगिनींनी मुद्दाम वाचावी अशी आहे.

भादलीपासून जवळच आसोदे आहे. बहिणाबाई चौधरींचे हे माहेर. बालकवींहून त्या दहा वर्षांनी वडील. अक्षरओळख नव्हती, ऐन तिशीत वैधव्य आले. पण १९५१ पर्यंत जगल्या आणि जात्यावर, शेतात गात राहिल्या. एकाच मातीतली ही दोन माणसे. एकाला सत्तर वर्षे मिळाली, दुसऱ्याला तीसही मिळाली नाहीत.

सत्तावीस वर्षे म्हणजे किती, हे आम्हाला दुसऱ्या एका हिशोबाने कळते. बाबासाहेबांचा जन्म १४ एप्रिल १८९१ चा. म्हणजे बालकवी बाबासाहेबांपेक्षा आठ महिन्यांनी मोठे. बालकवी गेले त्या दिवशी बाबासाहेबही सत्तावीस वर्षांचेच होते. लंडनचे शिक्षण अर्धवट राहिले होते. ‘मूकनायक’ १९२० चा, महाडचा सत्याग्रह १९२७ चा, संविधान आणि धम्मदीक्षा तर फारच पुढची. सारे अजून व्हायचे होते. तरुण माणूस जातो तेव्हा झालेले काम तेवढे आपल्याला दिसते. व्हायचे राहिलेले काम कोणाच्याच डोळ्यांना दिसत नाही. ते दुःख घरची माणसे एकटीच वाहतात. बालकवींच्या मागे पत्नी पार्वतीबाई राहिल्या. कवीचे कौतुक करताना या माउलीची आठवण किती जणांना होते?

भुसावळ हे रेल्वेचे मोठे ठाणे. आमच्या समाजातल्या पुष्कळ माणसांनी तेथे घाम गाळला, गँगमन म्हणून उन्हातान्हात रूळ सांभाळले. रूळ ओलांडण्याची घाई कशी जीव घेते, हे त्यांच्या घरांना सांगायला नको. तरीही रुळांकडेच्या वस्त्यांतली मुले आजही शाळेला, कामाला तसेच जातात. पूल लांब पडतो, फाटक बंद असते, दोन मिनिटे वाचवायची असतात. कायद्याने दंड आहे, कैदही आहे. पण दंडाच्या भीतीपेक्षा आईचा शब्द अधिक उपयोगी पडतो. जेथे पूल नाही तेथे वस्तीने एकत्र येऊन तो मागितला पाहिजे, आणि जेथे आहे तेथे मोठ्यांनी स्वतः त्यावरून चालून दाखवले पाहिजे.

खानदेशात जाल तेव्हा धरणगाव पाहा, आसोदे पाहा आणि भादलीवरून जाताना मुलांना हे स्टेशन दाखवा. कवितेच्या पुस्तकात ज्याचे नाव वाचतो, तो मुलगा आपल्याच मुलासारखा एका लहान गावात वाढला आणि फार लवकर गेला, एवढे त्यांना कळले तरी पुष्कळ झाले.